तळहातावर लबने

"आमच्या मुलींनी फायनल जिंकली," असं मी सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "अरे वा, तुमची मुलगी खेळते का?" नाही. माझी मुलगी खेळायची, तेही दीड वर्ष, आणि त्यातलं निम्मं बेंचवर. आता ती कॅनडात नोकरी करते आणि मी फुटबॉलचा विषय काढला की "आई, प्लीज" म्हणते. मग तुम्ही त्या कॉलेजात शिकवता का? तेही नाही. त्या कॉलेजशी माझा कागदोपत्री काडीचाही संबंध नाही. तरी गेली आठ वर्षं मी त्या टीमला "आमच्या मुली" म्हणत आले आहे आणि कुणाला आवडो न आवडो, यापुढेही म्हणणार आहे.

आम्ही यूएईत, दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला राहतो. नवरा हमरिया फ्री झोनमधल्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, त्याला तिथून जवळ घर हवं होतं. दुबईची मित्रमंडळी आमच्याकडे यायचं म्हणजे मुक्कामाच्या गावी निघाल्यासारखी तयारी करतात. इथे शांतता फार. पुण्यात मी अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय. इथे आल्यावर नोकरीचं काही जमलं नाही, मग डायनिंग टेबलावरच चार-पाच मुलांच्या ट्यूशन्स सुरू केल्या. दोन हातांवर बसलेल्या मुलाला ओरडून काय सांगणार? माझा आवाज कपाटातल्या जाड स्वेटरसारखा होऊन गेला. होता चांगला, पण घालायचा कुठे?

मुलगी कॉलेजात गेली त्याच वर्षी तिथे मुलींची फुटबॉल टीम सुरू झाली. टीम म्हणजे नऊ जणी. अकरा लागतात म्हणून दिसेल तिला धरून आणत होते. आमची कॅन्टीनच्या रांगेत उभी असताना सापडली. मैदान मागच्या पार्किंगला लागून, अर्धं गवत आणि अर्धी वाळू. पहिल्या मॅचला प्रेक्षक तीन: मी, वॉचमन आणि एक मांजर. आमच्यावर अकरा गोल झाले. मांजर हाफटाइमलाच उठून गेलं.

मी मात्र शेवटपर्यंत थांबले. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड तर अजूनही नीट कळलेलं नाही, फक्त आता ते मी आत्मविश्वासाने ओरडते. पण वर्ग सांभाळलेल्या बाईला मैदान परकं वाटत नाही. कोण डुलक्या काढतंय, कोण एकटीच सगळं करायला धावतेय, कोण मोकळी उभी आहे आणि तिच्याकडे कुणी बघतच नाहीये, हे लांबून बरोबर दिसतं. शेवटची पाचेक मिनिटं उरली असताना आमची गोलकीपर भलतीकडेच बघत होती आणि समोरची एक मुलगी दुसऱ्या बाजूने बॉल घेऊन येत होती. मी न राहवून ओरडले, "अगं डावीकडे बघ, डावीकडे!" सोबत हातवारेही केले. माझी मुलगी जमिनीत गडप व्हायला जागा शोधू लागली. गोलकीपर मूळची इजिप्तची, तिला मराठीचा गंध नाही. तिने डावीकडे उडी मारली आणि बारावा गोल वाचवला.

मॅच संपल्यावर ती धापा टाकत माझ्याकडे आली. "आंटी, व्हॉट इज दावीकडे?"

मी सांगितलं. मग उजवीकडेही सांगितलं. पुढच्या दोन वर्षांत त्या टीममध्ये डावीकडे, उजवीकडे, मागे, सोड आणि अगं एवढं मराठी सर्रास चालू झालं. समोरच्या टीमला काही कळायचं नाही, हा फायदा वेगळाच.

दुसऱ्या मॅचपासून मी दही न्यायला लागले. आपल्याकडे परीक्षेला, इंटरव्ह्यूला, कुठल्याही मोठ्या कामाला निघालेल्या माणसाच्या उजव्या तळहातावर चमचाभर दहीसाखर ठेवतात. ती चाटून खायची आणि "जाते" न म्हणता "येते" म्हणून बाहेर पडायचं. मुलगी घरून निघायची सकाळी सातला आणि मॅच संध्याकाळी चारला, म्हणून मी डबा घेऊन मैदानावरच गेले. गाडीपाशी तिला हात पुढे करायला लावला, तर तिच्यामागे केरळची एक, तिच्यामागे फिलिपिन्सची एक, अशी रांगच लागली. पुढे आलेल्या हाताला आपण नाही म्हणत नाही. मी सगळ्यांच्या हातावर दही ठेवलं, सगळ्यांकडून "येते" म्हणवून घेतलं. त्या दिवशी आमच्यावर आठच गोल झाले.

"सी? इट्स वर्किंग," मुलगी म्हणाली.

तो सीझन आम्ही एकही मॅच न जिंकता संपवला. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला एके दिवशी घरचं दही लागलंच नाही. वाटेत सुपरमार्केटमध्ये शिरले आणि दह्याच्या फळीवरून पांढरा डबा उचलला. चष्मा गाडीत राहिला होता. मैदानावर नेहमीप्रमाणे हातांवर एकेक चमचा ठेवला, वरून साखर भुरभुरली. चाखून बघायचा प्रश्नच नव्हता, कारण जे दुसऱ्याच्या हातावर ठेवायचं ते आपण आधी उष्टं करत नाही. मुलींनी हात तोंडाला लावले आणि अकराच्या अकरा तोंडं एकदम वाकडी झाली.

इजिप्तची गोलकीपर आधी किंचाळली, मग खाली बसून पोट धरून हसायला लागली. "आंटी! दिस इज लबने! लबने विथ शुगर! हराम, आंटी, हू डज दॅट?"

लबने म्हणजे पाणी काढून घट्ट केलेलं, मीठ घातलेलं अरबी दही. लोक ते ऑलिव्ह तेल घालून रोटीबरोबर खातात. त्यावर साखर घालायची अक्कल आजवर कुणाला सुचली नसावी. मी ओशाळून डबा बंद करायला गेले, पण हसण्याची साथ लागली होती. एक थांबली की दुसरी तोंड वाकडं करून दाखवायची. एरवी मॅचच्या आधी या मुली दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारख्या बसायच्या. त्या दिवशी हसत हसतच मैदानात गेल्या आणि एक-शून्यने जिंकल्या.

पहिला विजय! मी त्या वॉचमनला मिठी मारायचीच बाकी ठेवली होती. घरी येताना गाडीत मुलीने बजावलं, "आई, यू आर नॉट चेंजिंग एनीथिंग. सेम डबा, सेम साखर, सेम स्पून." खेळाडूंची श्रद्धा काय असते हे मला तेव्हा कळलं. ती आमच्या सोवळ्याच्या वर होती. तेव्हापासून दर मॅचला लबने आणि साखर. नवरा दर आठवड्याला कुरकुरायचा, "साडेआठ दिरहॅम, म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये, दुसऱ्यांच्या मुलींची तोंडं वाकडी करायला." आणि हमरियाहून येताना तोच ते घेऊन यायचा.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मुलीने टीम सोडली. लॅब, प्रोजेक्ट्स, पुढे इंटर्नशिप. पुढच्या मॅचच्या दिवशी तिने मला डबा भरताना पाहिलं.

"आई, आय ॲम नॉट इन द टीम एनीमोअर."

"माहितीये."

"देन व्हाय आर यू गोइंग?"

"लबने उघडलंय. वाया जाईल."

हे खोटं होतं. खरं कारण असं की त्या पार्किंगशेजारच्या मैदानावर मी कुणाला तरी लागत होते. आठवड्यातून एकदा माझा आवाज पुरता मोकळा सुटायचा, तो कुणीतरी ऐकायचं, ऐकून डावीकडे वळायचं. या देशात आल्यापासून असं दुसरीकडे कुठे झालं नव्हतं. हे त्या वेळी मुलीला सांगता आलं नाही. तिचं ते कळण्याचं वयही नव्हतं.

मग टीम वर येत गेली. वाळू जाऊन हिरवं टर्फ आलं, दिवे आले. कॉलेजला अचानक समजलं की या मुली जिंकू शकतात, तेव्हा स्कॉलरशिप आली, बस आली, सहा जणींचा ढोल आला. दर चार वर्षांनी मुली बदलायच्या. इजिप्तची गोलकीपर शेवटच्या मॅचला नव्या गोलकीपरचा हात धरून माझ्यापुढे घेऊन आली आणि गंभीरपणे म्हणाली, "राइट हँड. डोन्ट चू. मेक द फेस. देन से येते." अशा रीतीने हे एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे गेलं. आता खेळणाऱ्यांपैकी एकीनेही माझ्या मुलीला पाहिलेलं नाही. त्यांना मी आयतीच मिळाले, गोलपोस्ट मिळाले तशी. त्या मला दही आंटी म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी नवी कोच आली. ट्युनिशियाची, चाळिशीची, अंगाने सडपातळ आणि बोलणं मोजकं. तिने काय केलं नाही? पहाटे पळायला लावलं, व्हिडिओ दाखवून चुका काढल्या, कोणी काय खायचं याचे तक्ते भिंतीवर लावले. टीम खरी उभी राहिली ती तिच्यामुळे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज नको. तिच्या पहिल्याच मॅचला मी डबा उघडला आणि ती समोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, प्लीज. नो डेअरी बिफोर द मॅच. अँड नो आउटसाइड फूड."

"चमचाभरच असतं," मी म्हटलं.

"मॅडम," ती पुन्हा म्हणाली, आणि हसून सगळ्यांना वॉर्मअपला घेऊन गेली. प्रेक्षकांनी रेलिंगच्या आत यायचं नाही, असा नियमही त्याच आठवड्यात लागला.

मी फुगले. अशी फुगले की पुढच्या दोन मॅचेसना गेलेच नाही. मनात म्हटलं, बघू या कशा जिंकतात. त्यांनी एक चार-शून्यने आणि दुसरी पाच-एकने जिंकली. मोबाइलवर निकाल वाचून आनंद झाला, आणि माझ्यावाचून जिंकल्या म्हणून डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही खरं होतं. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "जिंकलो." तो म्हणाला, "मग रडतेस कशाला?"

तिसऱ्या मॅचला मी गेले. नियमाप्रमाणे वर प्रेक्षकांत बसले आणि तिथून ओरडले. पण ढोल इतका जोरात होता की माझं डावीकडे चार रांगांच्या पुढे जात नव्हतं. मुली खालून हात हलवायच्या, मीही हलवायचे. लबनेचा छोटा डबा मात्र प्रत्येक वेळी पर्समध्ये असायचा. उघडायचा नाही, नुसता असायचा. घरी येऊन नवरा ते पोळीला लावून खायचा, साखरेशिवाय.

असे दोन सीझन गेले आणि या वर्षी आमच्या मुली फायनलला पोचल्या. अकरा गोलवाल्या मुली! मॅच दुबईच्या एका मोठ्या स्टेडियमवर होती. निघताना मी फ्रिज उघडला, डबा हातात घेतला आणि परत ठेवला. आता आपण फक्त प्रेक्षक, तर नीट प्रेक्षकासारखं जावं, असं मी ठरवलं होतं.

नवरा रजा काढून माझ्याबरोबर आला होता. "डबा घेतलास?" त्याने गाडी काढताना विचारलं.

"नाही. खलास आता ते."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता गाडी सुरू केली. आमच्या लग्नातलं हे एक बरं आहे.

स्टेडियम खचाखच भरलं होतं. कॉलेजची मुलंमुली बसेस भरभरून आली होती, तोंडं रंगवलेली, खांद्यांवर झेंडे. यांच्यातल्या एकालाही ते मांजर माहीत नव्हतं. आम्ही चौदाव्या रांगेत बसलो. मॅचबद्दल मी काय सांगू? त्यांचा एक गोल झाला, तासाभराने आमचा एक झाला, एक्स्ट्रा टाइममध्ये दोन्हीकडच्या मुली पाय ओढत होत्या. शेवटी पेनल्टी किक्सवर आलं. म्हणजे पाच जणी एकेक करून गोलकीपरसमोर उभ्या राहणार, आणि वर्षाचा फैसला त्यावर.

खाली आमच्या मुली रिंगण करून उभ्या होत्या. कोच मधे काहीतरी बोलत होती. एका मुलीचे खांदे हलत होते, ती रडत होती. आमची कॅप्टन शारजात जन्मलेली मल्याळी मुलगी आहे, पहिल्या वर्षी तिने लबने खाल्लं होतं, नंतर कोच आली. ती रिंगणातून बाहेर पडली आणि डोळ्यांवर हात धरून वर प्रेक्षकांत शोधायला लागली. नवरा म्हणाला, "अगं, ती तुला शोधतेय." मी म्हटलं, "छे, मला कशाला?" तेवढ्यात तिला मी दिसले. ती रेलिंगकडे धावत आली आणि तिने उजवा हात पुढे केला.

तिच्यामागे दुसरी आली. मग तिसरी. गाडीपाशी लागायची तशी रांग लागली. मी चौदा रांगा कशा उतरले ते माझ्या गुडघ्यांना विचारा. सिक्युरिटीवाला आडवा आला, त्याला नवऱ्याने हिंदीत काय सांगितलं कोण जाणे, तो बाजूला झाला. आणि रेलिंगपाशी पोचल्यावर मला आठवलं की माझ्याकडे काहीच नाही. आठ वर्षं डबा बरोबर, आणि आज, नेमका आज, तो घरी फ्रिजमध्ये.

"मैं लेके नहीं आई बेटा," मी म्हटलं. मला रडू फुटलं. "आज कुछ नहीं है."

कॅप्टनने हात तसाच ठेवला. "आंटी, जस्ट डू इट."

मग मी बोटं जुळवून तिच्या तळहातावर काहीच नाही ते ठेवलं. वरून चिमूटभर काहीच नाही ते भुरभुरलं. तिने हात तोंडाला लावला आणि तोंड असं काही वाकडं केलं की मागच्या दोघी फिस्सकन हसल्या. दुसरीने तिच्याहून वाकडं केलं. ज्यांनी लबने कधीच चाखलं नव्हतं त्या नव्या मुलींनीही केलं, त्यांना मोठ्यांनी शिकवून ठेवलं होतं म्हणे. जी रडत होती ती डोळे पुसत हसायला लागली. प्रत्येकीने "येते" म्हटलं. रांग संपली आणि शेवटी पाहते तर कोच, हाताची घडी घालून उभी.

मी म्हटलं, आता ही ओरडणार. तिने घडी सोडली आणि उजवा तळहात पुढे केला.

"नो डेअरी," ती म्हणाली. "अप्रूव्ह्ड." तिनेही हात चाटला, तिनेही तोंड वाकडं केलं. मग टाळ्या वाजवून मुलींना म्हणाली, "यल्ला, यल्ला!"

पेनल्टीच्या वेळी मी तिथेच रेलिंगला धरून उभी होते. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या घशातून आवाज फुटला नाही. आमच्या गोलकीपरने चौथी किक अडवली, तीही डावीकडे उडी मारून, मी न सांगता. शेवटची किक कॅप्टनची होती. बॉल जाळीत गेला तेव्हा ढोल, झेंडे, आरडाओरडा सगळं एकदम झालं, आणि मी व नवरा एकमेकांना धरून लहान मुलांसारखे उड्या मारत होतो. त्याचा चष्मा कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही.

आठवड्याभराने कोचचा फोन आला. टीमला मस्कतला खेळायला बोलावलं होतं, बसने जायचं, मुलींबरोबर एक मोठी बाई हवी. कॉलेजातल्या मॅडम परीक्षांत अडकलेल्या. "कॅप्टनने तुमचं नाव दिलं," ती इंग्रजीत म्हणाली, "आणि मी सही केली. पण डेअरी नाही." मी म्हटलं, "डेअरी नाही." फोन ठेवून मी कॅनडाला लावला. मुलगी तिकडून ओरडली, "आई! यू मेड द टीम!" तिचा आवाजही माझ्यावरच गेलाय.

निघायच्या दिवशी सकाळी बॅग दारात ठेवली, चपला घातल्या. आतून नवरा आला. एका हातात लबनेचा डबा, दुसऱ्या हातात साखरेची बरणी, चमचा खिशात.

"कुठे निघालीस अशीच? हात पुढे कर. उजवा."

आठ वर्षांत मी किती तळहातांवर ते ठेवलं असेल, पण माझ्या स्वतःच्या हातावर कधी आलं नव्हतं. उष्टं करायचं नाही म्हणून कधी चाखलंही नव्हतं. मी हात तोंडाला लावला. आधी खारट, मग आंबट, मग मधेच साखर दाताखाली करकरली.

"अहो, किती घाण लागतं हे!"

"मग! मला वाटलं तुला माहितीये."

मला त्या सगळ्या मुली आठवल्या, पहिल्या बॅचपासूनच्या. दर मॅचला हात पुढे केलेल्या. एकीनेही कधी थुंकलं नव्हतं, एकीनेही कधी नको म्हटलं नव्हतं. दारात उभी राहून मी हसत होते आणि रडत होते, आणि तोंड अजून वाकडंच होतं. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला आणि कुणीतरी खिडकीतून ओरडलं, "अगं आंटी!"

मी बॅग उचलली. "येते," मी म्हटलं.